वाचणारीचा हात

आमच्या लाँड्रीत ज्यांना सगळे मास्तरीणबाई म्हणतात, त्यांनी आयुष्यात कुणाला शिकवलेलं नाही. त्यांचं स्वतःचंच शिक्षण सातवीपर्यंत. पण कागद वाचावा तर त्यांनीच. सरकारी हॉस्पिटलची लाँड्री म्हटल्यावर रोज काही ना काही कागद येतोच. कधी शिफ्टची नवी वेळ, कधी कुणाची रजा नामंजूर, कधी कुणाचा पगार का कापला त्याचं कारण. भाषा अशी की वाचणाऱ्याला वाटावं, आपलंच काहीतरी चुकलंय. मास्तरीणबाई चष्मा नाकावर घेतात, आधी एकदा मनात वाचतात, मग मोठ्याने. एक शब्द गाळत नाहीत आणि एक शब्द पदरचा घालत नाहीत. लोकांचे चेहरे कोरे दिसले की तेच वाक्य पुन्हा सावकाश म्हणतात, आणि दुसऱ्यांदा ऐकताना ते कळतं. कसं कळतं ते मला विचारू नका. चौदा वर्षं बघतेय, मला उमगलेलं नाही.

मी त्यांची जोडीदारीण. रोलरमधून इस्त्री होऊन चादर बाहेर आली की दोन टोकं त्या धरतात, दोन मी. ताणायची, दुमडायची, जवळ यायचं, परत दुमडायची, गठ्ठ्यावर टाकायची. नऊशे खाटांचं हॉस्पिटल आहे, तेव्हा किती चादरी होतात ते तुम्हीच बघा, मला विचार केला तरी खांदे दुखतात. चौदा वर्षं अशी समोरासमोर उभी राहिल्यावर जितकं माणूस कळतं, तितका नवरासुद्धा कळत नाही. नवरा बाजूला झोपतो, समोर असतो कुठे.

माझं तोंड जरा फटकळ आहे, ते लाँड्रीत सगळ्यांना माहीत आहे. मास्तरीणबाईंचं उलट. त्या दुसऱ्याचं वाचतात इतकं स्वच्छ, आणि स्वतःचं सांगायची वेळ आली की घशात अडकतं. गुडघे गेले तेव्हा सहा महिने कुणाला बोलल्या नाहीत. चादर घेऊन पुढे येताना पाऊल फरफटायला लागलं तेव्हा मीच विचारलं. मग हॉस्पिटलमधल्याच हाडांच्या डॉक्टरकडे ओढून नेलं. तो म्हणाला, उभं राहणं कमी करा. आठवडाभर आम्ही त्यावर हसलो. हसून झाल्यावर त्या पुन्हा उभ्या राहिल्या, दुसरं काय करणार.

त्यांच्या घरी कुणी नाही. नवरा लवकर गेला, मूल झालं नाही. तिसऱ्या मजल्यावर एक खोली आहे, लिफ्ट नाही. जवळचं माणूस म्हणजे एकच, त्यांच्याहून आठ वर्षांनी मोठी ताई. ती बसने पाच तासांवरच्या गावात राहते. तीही एकटीच, मुलगा दूर परगावी, पण घर तळमजल्यावरचं, पुढे ओटा, मागे मोरी. मास्तरीणबाई सोळाव्या वर्षी लग्न होऊन निघाल्या तेव्हापासून दोघी बहिणी एका छपराखाली आठ दिवससुद्धा सलग राहिलेल्या नाहीत. दर रविवारी ताईचा फोन यायचा आणि त्यात एकच प्रश्न असायचा, सुटतेस कधी. लाँड्रीतल्या वाफेमुळे आमचं निवृत्तीचं वय अठ्ठावन्न, बाकी हॉस्पिटलचं बासष्ट. जुन्या लोकांनी भांडून मिळवलेली सवलत आहे ती. मास्तरीणबाईंची अठ्ठावन्न भरायला आठ महिने राहिले होते. ताईने दुसरी खाट आणून खिडकीपाशी टाकलीही होती, वर गादी घालून. गादीचा रंग कोणता, तेसुद्धा मला माहीत होतं. इतक्या वेळा ऐकलं.

आणि त्यात तो प्रस्ताव आला.

सरकारला पेन्शनचे नियम बदलायचे होते. प्रस्तावात दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे निवृत्तीचं वय सगळ्यांना सरसकट बासष्ट, लाँड्रीची सवलत बंद. दुसरी म्हणजे पेन्शन शेवटच्या पगारावर न ठरवता अख्ख्या नोकरीतल्या पगाराची सरासरी काढून ठरवायची. आम्ही नोकरीला लागलो तेव्हाचा पगार आठवला की आता हसू येतं. तो सरासरीत धरला तर म्हातारपणी चहा प्यायचा की औषध घ्यायचं, ते रोज सकाळी ठरवावं लागेल. कर्मचाऱ्यांच्या युनियनने पंचेचाळीस दिवसांत आपलं म्हणणं लेखी द्यावं, असं खाली लिहिलं होतं.

युनियनच्या कमिटीने सहा पानी उत्तर तयार केलं. सहा पानांचा सारांश इतकाच, की वयाचं आम्ही मान्य करतो, पण पेन्शन शेवटच्या पगारावरच द्या. एक घ्या, एक सोडा. ऐकल्या ऐकल्या आमचे बॉयलरवाले काका भडकले. त्यांना स्वतःला दीड वर्ष राहिलं होतं. त्यांनी युनियनच्या सेक्रेटरीला गाठलं आणि म्हणाले, उत्तरात एक ओळ घाल. ज्यांना अठ्ठावन्न व्हायला दोन वर्षं किंवा त्याहून कमी राहिलीत, त्यांना जुन्या नियमाने जाऊ द्या. आमच्याकडे अशी माणसं तीनच. काका, मास्तरीणबाई आणि ड्रायरवरची एक बाई.

सेक्रेटरी चांगला माणूस आहे, हीच पंचाईत. वाईट असता तर मला शिव्या तरी घालता आल्या असत्या. तो म्हणाला, उत्तर जितकं सरळ तितकं ते भक्कम. आपण एक अपवाद मागितला की सरकार दहा अपवाद पुढे करणार, आणि त्या ओढाताणीत पेन्शनचा मुद्दाच हातातून जाईल. तरी वय फक्त तुमचं वाढतंय, तेव्हा लाँड्रीनेच ठरवा. उत्तर आहे तसं पाठवायचं की ओळ घालून, तुम्ही सांगाल ते कमिटी ऐकेल. हे त्याने लिहून दिलं. दोन वाजता सकाळची शिफ्ट सुटते आणि दुपारची लागते, तेव्हा सगळे एकत्र भेटतात. त्या वेळी कागद वाचायचा, बोलायचं आणि हात वर करून ठरवायचं, असं ठरलं.

इथे आमचा एक नियम सांगायला हवा. जो कागद वाचतो तो बाजूने किंवा विरोधात बोलत नाही, आणि हात वर करत नाही. वाचायचं, मोजायचं, सही करायची, बस. हा नियम मास्तरीणबाईंनीच आणलेला. फार पूर्वी, मी लागण्याच्या आधी, आमच्या मुकादमाने एक कागद वाचून दाखवला होता आणि वाचता वाचता स्वतःचं मत त्यात मिसळलं होतं. लोकांना वाटलं, तेही कागदातच आहे. सगळ्यांनी खुशीत हात वर केले आणि पुढे अकरा महिने रविवारी फुकट राबले. तेव्हा तिशीतल्या मास्तरीणबाई उभ्या राहिल्या होत्या म्हणे आणि म्हणाल्या होत्या, यापुढे वाचणाऱ्याचं तोंड कागदापुरतं. तेव्हापासून वाचायचं काम त्यांच्याकडेच आलं. एवढ्या वर्षांत युनियनच्या एकाही ठरावाला त्यांचा हात मोजलेला नाही.

म्हणजे या वेळी त्यांनीच वाचलं तर त्यांना बोलता येणार नव्हतं. काकांच्या ते लक्षात आलं. दोन दिवस आधी ते म्हणाले, मास्तरीणबाई, कागद मी वाचतो. माझा हात गेला तर जाऊ दे, पण तुम्ही मोकळ्या राहा. माझं कोण ऐकतंय, तुमचं लोक ऐकतील. मास्तरीणबाईंना ते पटायला अख्खी दुपार लागली. मीही मागे लागले. शेवटी हो म्हणाल्या.

मग त्या काय बोलायचं त्याची तयारी करायला लागल्या. चादरींच्या घड्या घालता घालता पुटपुटायच्या. चारच वाक्यं होती. मी इथे छत्तीस वर्षं उभी आहे. मला आठ महिने राहिलेत, त्यावर आणखी चार वर्षं माझे गुडघे काढू शकणार नाहीत. माझी बहीण पासष्टची आहे आणि एकटी आहे. या ओळीने तुमचं काही जाणार असेल तर घालू नका, पण जाणारच आहे असं अजून कुणी दाखवलेलं नाही. दोन दिवसांत ती चार वाक्यं मलाही पाठ झाली. मी त्यांना म्हटलंसुद्धा, तिसरं वाक्य म्हणताना खाली बघू नका.

आता माझं सांगते, नाहीतर मी फार सोज्वळ वाटेन. मी चव्वेचाळीसची. माझा नवरा एक वर्ष काम करतो आणि दोन वर्षं काम शोधतो. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, मुलगी कॉलेजात. घरात महिन्याच्या महिन्याला येणारा पगार एकच, माझा. म्हातारपणाचा आधार म्हटला तर तीच एक पेन्शन. मास्तरीणबाईंच्या मागे लागून त्यांना बोलायला तयार करणारी मीच, आणि रात्री पाठ टेकली की सेक्रेटरीचं वाक्य आठवणारीही मीच. पेन्शनचा मुद्दाच हातातून जाईल. मी त्यांना हे सांगितलं नाही. कुठल्या तोंडाने सांगणार होते.

दोन वाजता आम्ही घड्या घालायच्या हॉलमध्ये जमलो. एकूण एक्केचाळीस माणसं, दोघं रजेवर, उरले एकोणचाळीस. कुणी ट्रॉलीवर बसलं, कुणी मळक्या गाठोड्यांवर. सेक्रेटरी लाँड्रीचा नाही, तो नुसता ऐकायला भिंतीपाशी उभा होता. सकाळची शिफ्ट घामाने निथळत होती, दुपारच्या शिफ्टच्या तोंडावर उद्याचा कंटाळा आजच आलेला. काका उभे राहिले, खाकरले आणि वाचायला लागले.

काय सांगू. माणूस बॉयलरचा काटा शंभर पावलांवरून वाचेल, पण कागद म्हटला की घोडं अडलंच. पूर्णविराम गिळायचे, स्वल्पविरामाला दम खायचे. एक परिच्छेद दोनदा वाचला आणि पुढचा सोडला. मधेच ड्रायरवरच्या बाईने विचारलं की म्हणजे आपली पेन्शन वाढणार की कमी होणार. काका म्हणाले, लिहिलंय ते वाचतोय. लोक हसले. मग आपापसात बोलायला लागले. कुणी म्हणे वय कमी होतंय, कुणी म्हणे सगळंच बंद होतंय. मी मास्तरीणबाईंकडे बघत होते. त्यांच्या हातांची अस्वस्थ चुळबुळ चालली होती. दुसऱ्याने वाकडी घडी घातली की त्यांचं असंच होतं.

तिसऱ्या पानावर त्या उठल्या. मी त्यांचा पदर धरला, खरंच धरला, आणि म्हटलं, बसा ना. त्या माझ्याकडे वाकून म्हणाल्या, "अगं, यांना काही कळलेलं नाही. न कळता हात वर करायला लावू का?" पदर सोडवून घेतला, फरफटत पुढे गेल्या, काकांच्या हातातून कागद घेतला, चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली.

सहा पानं त्यांनी वाचली, नंतर ओळ घालायची की नाही तो प्रश्न वाचला. कमिटीला ती ओळ का नको, तेही सेक्रेटरीच्या चिठ्ठीतून जसंच्या तसं वाचलं, आवाज जराही न बदलता. स्वतःच्या विरोधातलं इतकं नीट वाचणारं माणूस मी पाहिलेलं नाही. त्यांनी ते वाईट वाचलं असतं तर बरं झालं असतं. मला तरी सेक्रेटरीचं म्हणणं पहिल्यांदा पुरतं कळलं ते त्यांच्याच तोंडून.

सगळं दोनदा वाचावं लागलं त्यात वेळ गेला. बॉयलर अर्ध्या तासाच्या वर सोडता येत नाही. काका घड्याळ बघत उभे होते. आता कागद मास्तरीणबाईंकडे गेल्यामुळे काकांचा हात मोकळा झाला होता, पण मोजायच्या आधीच त्यांना जावं लागलं. जाताना म्हणाले, माझं मत ओळ घालण्याच्या बाजूने धरा. सेक्रेटरी म्हणाला, काका, हात हॉलमध्ये लागतो. त्यांनी चार शिव्या हासडल्या आणि गेले. वाफेला थांब म्हणता येत नाही.

बोलायला कोण उभं राहतंय, असं मास्तरीणबाईंनी विचारलं. रोलरवरच्या एका पोरसवदा बाईने उठून सांगितलं, मास्तरीणबाईंनी आपल्यासाठी एवढं केलंय, त्यांच्यासाठी एक ओळ जड आहे का. छान बोलली, पण तिला ती चार वाक्यं माहीत नव्हती. ती मला माहीत होती, शब्दन् शब्द. मास्तरीणबाईंना नियम होता, मला नव्हता. मी गाठोड्यावर बसून राहिले. एरवी माझी जीभ कुणाचं ऐकते.

मास्तरीणबाईंनी आधी विचारलं, उत्तर आहे तसंच पाठवावं असं कुणाला वाटतं. मी हात वर केला. डोळे मिटून नाही, चांगले उघडे ठेवून केला. मास्तरीणबाई रांगेरांगेने चालत मोजत गेल्या. एकोणीस. मग दुसरी बाजू मोजली. अठरा.

सेक्रेटरीचाच चेहरा पडला. तो हळू आवाजात म्हणाला, "बाई, तुमचा हात?" तो मोजला असता तर एकोणीस-एकोणीस झाले असते आणि सेक्रेटरीने परत विचार केला असता, त्याच्या डोळ्यांत दिसत होतं ते.

"वाचणारीचा हात नसतो," त्या म्हणाल्या, आकडे लिहिले आणि सही केली. मग आम्ही दोघी आपल्या टेबलाशी गेलो, कारण रोलर कुणाची वाट बघत नाही आणि दुपारच्या गठ्ठ्यात ऑपरेशन थिएटरच्या चादरी होत्या.

उत्तर गेलं. चार महिन्यांनी सरकारचा निर्णय आला. वयाबद्दल युनियनने दाखवलेल्या समंजसपणाचे आभार मानले होते आणि बासष्ट कायम केलं होतं. पेन्शन शेवटच्या पगारावर नाही, शेवटच्या दहा वर्षांच्या सरासरीवर मिळणार होती. सेक्रेटरी म्हणाला, अर्धं तरी वाचवलं. मी म्हटलं, तोंडाला पानं पुसली. तोही थकला होता बिचारा, त्याची बायकोही आमच्याच हॉस्पिटलात नोकरीला आहे. तो निर्णयाचा कागदही मास्तरीणबाईंनीच वाचला, आभाराच्या वाक्यासकट.

दोन महिन्यांनी ताई मोरीत पाय घसरून पडली. हाड मोडलं नाही, पण एकटी ठेवायची आता सोय उरली नाही. तिच्या मुलाने तिला आपल्याकडे नेलं. तो इतका लांब राहतो की बसने जाण्याचा प्रश्नच नाही. घराला कुलूप लागलं. रविवारचा फोन अजून येतो, पण ताई आता सुटतेस कधी विचारत नाही. जेवलीस का, एवढंच विचारते.

मास्तरीणबाईंची अठ्ठावन्न भरली तो महिन्याचा शेवटचा दिवस होता. जुना नियम असता तर त्या दिवशी हार, पेढे, भाषणं झाली असती आणि मी सगळ्यांत जास्त रडले असते. त्याऐवजी आम्ही चादरींच्या घड्या घालत होतो. कुणी काही बोलत नव्हतं, म्हणजे सगळ्यांना आठवत होतं. दुपारी मात्र माझ्याच्याने राहवलं नाही. चादर हातात तशीच ठेवून मी म्हटलं, मास्तरीणबाई, त्या दिवशी माझा हात वर होता. तुम्हाला सांगायचं राहिलं.

त्यांनी त्यांच्या बाजूची टोकं जुळवली आणि पुढे आल्या.

"माहीत आहे. मीच मोजला ना," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, कागद वाचतानाचाच आवाज होता. "तुझ्यापाशी येऊन मी थांबले होते. म्हटलं, बघावं, खाली घेतेस का. बराच वेळ थांबले गं. मग पुढे गेले."

त्या थांबल्या होत्या ते मला चांगलं आठवत होतं. गुडघा धरला असेल असं मला वाटलं होतं. मी मनात म्हणतही होते की बाई, आटपा लवकर, हात अवघडला माझा.